बारा इंचांचा तळ

नाशिक, ९ सप्टेंबर १९८२

धाकटा बेडूक आज संध्याकाळी मेला. पाटाजवळून दोघांना आणलं, तेव्हा काचेच्या पेटीची मापं मीच काढली. तळ बारा इंच चौरस, उंची अठरा. घनफळ भरपूर. पण हे बेडूक चढतात कुठे? तळावरच राहतात. ड्राफ्ट्समनचा कोर्स करूनही हे मला सुचू नये?

आईने पेटी बघून विचारलं होतं, "एकाला दुसऱ्याचं तोंड न बघता बसता येईल का गं यात?"

"आई, ते बेडूक आहेत, जावा-जावा नाहीत."

धाकटा कायम कोपऱ्यात बसे. मी समजले, स्वभावाने शांत. थोरला त्याला किड्यांपर्यंत येऊच देत नव्हता. बारा इंचांत जाणार कुठे?

थोरला आता पेटीभर निवांत फिरतोय. एकट्याला ती अगदी पुरते.