‘शपथ’वर मारलेली रेघ

क्लीव्हलँड, ओहायो
३ मार्च १९६३

ती. डॅडींना वर्डेलचा सा. न. वि. वि.

आयडेला आत्याचं पत्र परवा आलं. तुम्ही मतदार यादीत नाव घालायला कोर्टात जाणार, हे पहिल्या ओळीत, आणि पुढची तीन पानं तुमचा हट्टीपणा. ती घाबरली आहे. मला मात्र ती पहिली ओळ वाचून वर्गात मुलांसमोरच रडू आलं. आपल्या घरात आजवर कुणी मत दिलेलं नाही.

अर्जावर कारकून मिसिसिपी राज्याच्या घटनेचं कुठलंही कलम उतरवायला सांगतो आणि त्याचा अर्थ लिहायला लावतो. गोऱ्या माणसाला दोन ओळींचं, आपल्याला पानभर, असं इथे मिसिसिपीहून आलेले सगळेच सांगतात. म्हणून वीस अवघड कलमं सोप्या शब्दांत लिहून पाठवते आहे. रोज दोन करा. तुम्ही मला बायबलवर अक्षरं गिरवायला लावली होती, आता माझी पाळी. मी शिकवते ती देशाची घटना खरी असेल, तर ती तुमच्यासाठीही खरी असलीच पाहिजे. आत्याला सांगा, शूर माणसाला कॉफी जरा कडक द्यावी.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
वर्डेल

---

टिलमन्स फोर्ड, मिसिसिपी
१९ मार्च १९६३

चि. वर्डेलला डॅडीचे अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, तुमचा विद्यार्थी नापास झाला.

कलम तुझ्या विसातलंच निघालं, जूरीचं. जूरीपुढे खटला चालवण्याचा हक्क कुणाचा हिरावता येणार नाही, असं मी लिहिलं. जूरी मतदार यादीतून निवडतात, म्हणून आपल्यातला माणूस त्या बाकावर मी कधी पाहिला नाही, हेही लिहिणार होतो. पण तू म्हणाली होतीस, विचारलं तेवढंच लिहा. कारकून शेंगदाणे खात होता. मला वाटतं तेवढं त्याने वाचलं, आणि त्याला चूक सापडेना.

मग अर्जाच्या तळाशी आला. तिथे छापलेलं असतं, की मी शपथ घेतो, वरचं सगळं खरं आहे. मी ‘शपथ घेतो’वर रेघ मारून वर ‘सांगतो’ लिहिलं होतं. त्याने विचारलं, ओझेल, हे काय. मी म्हणालो, आमच्या चर्चमध्ये शपथ घेत नाहीत, ‘हो’ म्हणजे हो. तो हसला आणि अर्ज फाडला.

नाव मात्र पेपरात छापून आलं; अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचं नाव इथे दोन आठवडे छापतात. मुकादमाने ते कापून लाकडाच्या मिलच्या दारावर चिकटवलं आणि मला सांगितलं, फळ्या रचायला उद्यापासून येऊ नकोस. बावीस वर्षांनी. आता खुर्च्यांच्या बैठका विणतो. आयडेला म्हणते, एका शब्दासाठी भाकरी घालवणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही.

तब्येतीला जप.
डॅडी

---

क्लीव्हलँड
२७ मार्च १९६३

ती. डॅडींना सा. न. वि. वि.

तुम्हाला रागावून लिहायची ही पहिलीच वेळ. आत्या बरोबर बोलते. त्या कारकुनाला निमित्तच हवं होतं आणि तुम्ही ते स्वतःच्या हाताने लिहून दिलंत! एक शब्द, डॅडी. सगळे सही करतात तशी केली असती तर देवाने काय केलं असतं? चर्चच्या एका रिवाजापायी आपल्या मताचा हक्क आणि हातचं काम, दोन्ही गेलं. मला हे मान्य नाही.

तुमचीच,
वर्डेल

---

क्लीव्हलँड
३० मार्च १९६३

ती. डॅडींना सा. न. वि. वि.

मागचं पत्र परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. तुम्हाला चूक ठरवायला मी देशाची घटना पहिल्या ओळीपासून काढून बसले. गेली तीन वर्षं मी ती शिकवते आहे. जिथे जिथे शपथ आली आहे, तिथे शेजारी ‘किंवा दृढकथन’ असे शब्द आहेत, म्हणजे शपथ न घेता नुसतं ठामपणे सांगणं. चार ठिकाणी. राष्ट्राध्यक्षालासुद्धा ती मुभा आहे. ज्यांचा धर्म शपथ घेऊ देत नव्हता अशी माणसं तेव्हाही होती, आणि लिहिणाऱ्यांनी त्यांच्यासाठी जागा ठेवली. माझी नजर त्या शब्दांवरून किती वेळा गेली असेल, आणि मी ते कधी वाचलेच नाहीत.

ती चार ठिकाणं एका कागदावर उतरवून पाठवते आहे. तो खिशात घेऊन पुन्हा जा. माफ केलंत, एवढं कळवा.

ओशाळलेली,
वर्डेल

---

टिलमन्स फोर्ड
२९ एप्रिल १९६३

चि. वर्डेलला अनेक आशीर्वाद.

माफी कसली, पोरी. तुझं रागाचं पत्र आयडेलाने दोनदा मोठ्याने वाचलं, तिला फार आवडलं.

पण रिवाज चर्चचा एकट्याचा नाही. माझे आजोबा गुलामीत जन्मले. त्या काळी कोर्टात गोऱ्या माणसाविरुद्ध आपल्या माणसाला शपथच घेऊ देत नसत; त्याचं म्हणणं म्हणणंच नव्हतं. आजोबांची बहीण गोऱ्याच्या हातून मारली गेली तेव्हा पाहणारे ते एकटे होते, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. गुलामीतून सुटल्यावर ते म्हणायचे, ज्यांनी मला शपथ घेऊ दिली नाही, त्यांना यापुढे माझा नुसता शब्द पुरला पाहिजे. आपण तेव्हापासून शपथ घेत नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, ती चूक माझी.

कागद घेऊन गेलो. कारकुनाने वाचला, परत दिला आणि म्हणाला, ही वॉशिंग्टनची घटना, ती इथल्या टेबलावर चालत नाही. तुझ्या घटना लिहिणाऱ्यांनी शपथ न घेणाऱ्यांना जागा दिली हे चांगलं केलं. पण त्याच कागदात त्यांनी माझ्या पणजोबांना, गुलाम म्हणून, पाचातले तीन भाग माणूस मोजलं, हेही मुलांना शिकवत जा. दोन्ही शिकव. मी पुन्हा जाईन. कागद खिशातच आहे.

लोभ आहेच, तो दोघांच्या रागातूनही टिकतो, हे आता कळलं.
डॅडी

---

टिलमन्स फोर्ड
२१ सप्टेंबर १९६५

चि. वर्डेलला अनेक आशीर्वाद.

मतदानाच्या हक्काच्या नव्या कायद्याने नावं नोंदवायला थेट वॉशिंग्टनचा माणूस आला आहे. पोस्टाच्या मागच्या खोलीत बसतो. पहाटेच रांग लागली होती. आयडेला माझ्या मागे उभी, नवी टोपी घालून.

त्याने कलम विचारलं नाही. नाव, वय, पत्ता. मग खाली बघूनच, रोज शंभरदा विचारावं तसं विचारलं, मिस्टर टॉलिव्हर, शपथ घेणार की दृढकथन करणार. मी खिशातला तुझा कागद चाचपू लागलो. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने विचारलं. आयडेलाने मागून ढोसलं आणि म्हणाली, दोन वर्षं याच एका प्रश्नासाठी घर डोक्यावर घेतलंस, आता बोल की.

मी म्हणालो, सांगतो. तो म्हणाला, चालेल, आणि त्याने लिहून घेतलं.

तुझा कागद घड्यांवर फाटला होता, मी मागून चिकटपट्टी लावली होती. तो खिशातच राहिला. काढावा लागला नाही.

आयडेलाचंही नाव लागलं. ती म्हणते, तिने शपथ घेतली, कोणीतरी घरात शहाणं हवं.

तुझा,
डॅडी