आईची गोधडी उन्हात घातली

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. वाळवंटात दिवसा अंग भाजतं, पण आपल्या समुद्रकाठासारखी चिकचिक नाही. रात्री गारठा पडतो, जेवण चांगलं जातं. दमट हवेत तुझे गुडघे ठणकत असतील ना?

आई गेल्यावर तू पाठवलेली तिची गोधडी पोचली. ओलसर होती, तिला आईचा वास होता. सवयीने मी ती उन्हात घातली. आपल्याकडे चार दिवसांतही वाळली नसती. इथे माझं नामस्मरण आटपेपर्यंत खडखडीत झाली. वासही गेला.

कामावरचा, माझ्याच खोलीत राहणारा सुतार म्हणाला, "काका, नाक खुपसून काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही."

तिचं एखादं लुगडं उरलं असेल तर पाठव. वाळवू नकोस, दमटच घडी घाल. कुबट झालं तरी चालेल.

देव तुला सांभाळो.

तुझा धाकटा