पदराखालचं हाड

मंगळ. २ डिसें.
सकाळी ओटीवर सुनेचा, सुमनचा व्यायाम. भिंतीवरून बोटं वर चढवायची. मी तिसरीतली कविता म्हणतो, ती तालावर चढते. पहिलं कडवं झकास. दुसऱ्यात हात खांद्याशी आला की सूनबाईंना आठवतं, "बाबा, भाकर करपल!" चूल पेटलेलीसुद्धा नसते.
आसनगावच्या गोदामात शिडीवरून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं. मालक म्हणतो, जुळलं, आता पोती उचल. भरपाईचा दावा घातलाय. हात किती अधू, ते गुरुवारी शहापूरचे डॉ. ठरवणार. वकील म्हणाले, सगळं त्यावरच.

गुरु. ४ डिसें.
मुलगा विलास ड्युटीवर, म्हणून सुमनसोबत त्याच्याऐवजी मी. मुरबाडहून एस.टी. आतही मीच बसलो. डॉ. तरुण, सालस.
"दुखतं का?"
"नाय."
"हात वर करा."
दात आवळून केला की वर! पदर खांद्यावरून तसूभर हलला नाही. डॉ.नी वरूनच चाचपलं. मी खिडकीतला बुलबुल बघत. शाळेच्या खिडकीत असाच एक यायचा, कवितेच्याच तासाला...
घरी आल्यावर आमची ही भडकली. "तुमी आत कशाला बसलात? सासऱ्यासमोर बाय खांदा उघडा टाकल? दुखतंय म्हनून रडल? कविता म्हना बसून!"
सुचलंच नाही. एवढ्या कविता पाठ, आणि घरातली रीत—

शुक्र. ५ डिसें.
एकटाच शहापूरला. डॉ.ना सगळं सांगितलं. हसले नाहीत. "आजोबा, रिपोर्ट अजून गेला नाही. सोमवारी आणा. नर्सबाई असतील. तुम्ही बाहेर."
सुमन ऐकून लाजली. मग हळूच, "खरं सांगू काय तिथं?"
म्हटलं, सगळं. हंडा उचलताना काय होतं, तेही.
"मग तुमी लांब बसा हां."

सोम. ८ डिसें.
लांब म्हणजे पार गेटाबाहेर, टपरीवर. ही आत तिच्यासोबत. तरी ऐकू आलं, "आय गो! तिथंच दुखतंय! दाबू नका!" टपरीवाला दचकला. मी खुशीत दुसरा चहा सांगितला. सून कळवळते आणि सासरा खूश! लिहायलाही कसंतरी वाटतं.
हाडाचा नवा फोटो काढला. रिपोर्ट आठवड्याने. डॉ. बराच वेळ लिहीत होते म्हणे.
स्टँडवर मुरबाड गाडी लागलेली. पायरीवर पाय ठेवून सुमन थांबली. "बाबा, पाठीकडं मुंग्या येतात, ते सांगायचं ऱ्हायलं."
ही म्हणाली, "आता गो?"
गाडी सोडली. परत दवाखान्याकडे. ती पुढे, आम्ही दोघं मागे.