गळ्यातली नळी आणि सात मिनिटांचं मौन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या, हट्टी भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे भावजींपेक्षा कमीच कुरकुरत असतील, अशी आशा आहे. माझं मात्र उत्तम चाललंय.

ती नळी म्हणजे नेमकं काय, असं तू फोनवर विचारलंस. मूत्रपिंडांनी संप पुकारला (जन्मभर संपकऱ्यांची बाजू मांडली, आता तक्रार कुठल्या तोंडाने करू?), म्हणून आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागतं. त्यासाठी मानेच्या शिरेतून थेट हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत नळी घातली आहे. तिची दोन टोकं छातीवर लोंबतात. एकाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. तिला पाणी लागता कामा नये, म्हणून ही मला ओल्या फडक्याने पुसते, कपाट पुसावं तसं.

खरी परीक्षा यंत्र जोडताना. टोपण उघडण्याआधी नर्स स्वतः मास्क लावते, मला लावते, मान पलीकडे वळवायला लावते आणि वर बोलायचं नाही! भर सभेत अध्यक्षांच्या घंटेला मी कधी जुमानलं नाही, आणि इथे एकही शब्द नाही! परवा मी मास्कमधूनच सुरू केलं: रुग्णाचे हक्क, वाणीचं स्वातंत्र्य, मानवजातीचा इतिहास. नर्स (वयाने तुझ्या लेकीएवढी, करारीपणात तुझ्याएवढी) हातमोजे घालून नुसती उभी. टोपण काही उघडेना. वीस मिनिटांनी पलीकडच्या खुर्चीतले शिंपीकाका म्हणाले, "साहेब, तुमचा लढा जिंकलात की कळवा. तोवर माझं यंत्र कोण लावणार?" मग ती म्हणाली, "मामा, तोंडातले जंतू नळीत शिरले तर सरळ रक्तात जातात. गेल्या महिन्यात थंडी वाजून आली, विसरलात?" कसा विसरेन? माझे दात इतके वाजत होते की जणू त्यांनाही व्यासपीठ हवं होतं. मी गप्प झालो. ताई, सात मिनिटं! शिंपीकाकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या न बोलण्याला मिळालेल्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, नळी पाहुणी आहे, तिचा मुक्काम जितका लांबेल तितका जंतूंचा धोका. डाव्या हातातली शीर धमनीला जोडू, ती काही आठवड्यांत फुगून दणकट झाली की यंत्राच्या सुया तिथे टोचू आणि नळी काढून टाकू. मी ठणकावून नकार दिला. डावा हात म्हणजे माझा टेबलावर आपटायचा हात! तिथे सुरी चालू देणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

भावजींना नमस्कार.

तुझा,
(हल्ली आठवड्यातून तीनदा आज्ञाधारक) भाऊ

ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, "तत्त्व कसलं? सुरीला घाबरलात, असं लिहा की." (लिहिलं.)

दुसरा ता. क. शस्त्रक्रिया बुधवारी सकाळी आहे. संमतीपत्रावर सही कालच केली. भूल फक्त हातापुरती, म्हणजे मी टक्क जागा, आणि तिथेही बोलायला मनाई. घरच्या एका माणसाला उशाशी बसू देणार आहेत, पण हिला रक्त बघवत नाही. तेव्हा तू ये आणि माझा हात धरून बस. उजवा. डावा त्यांच्या ताब्यात असेल.