माझ्यासाठी कोणी काही मागू नये

मी, सरुबाई कोम रखमाजी पडवळ, वय अंदाजे सहासष्ट, धंदा दूधविक्री, राहणार मौजे कुरवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज माझ्या घराच्या ओसरीवर बसून हे मृत्युपत्र सांगते आणि हमीद मास्तर ते लिहून घेतात. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी मास्तरांनी मला आजचा वार विचारला. मी रविवार सांगितला, आणि रविवार नसता तर तुम्ही शाळा सोडून इथे कसे आला असता, असेही विचारले. तेवढ्यावर त्यांची खात्री झाली. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती असती तर तिला तोंड देता आले असते. लोकांनी जन्मभर माझे भलेच चिंतले, आणि त्यावर मला उपाय सापडला नाही.

माझ्या पोटात पाणी साठते. लोणावळ्याच्या डॉक्टरने ते दोनदा काढले. तिसऱ्या वेळी तो मास्तरांना बाजूला नेऊन हळू बोलला. मला कमी ऐकू येत नाही.

कलम पहिले. तीन खणांचे कौलारू घर, मागचा गोठा, एक म्हैस, दुधाची भांडी आणि गावाच्या वरच्या अंगाचा खडकाळ तुकडा, एवढी माझी मिळकत आहे. ती सगळी दुधाच्या कमाईतून माझ्या नावे घेतलेली आहे. सासऱ्याची जमीन चुलत घराण्याकडे गेली. तिच्यावर माझा दावा नाही आणि त्याबद्दल रागही नाही. राग पुढे येईल.

कलम दुसरे. खडकाळ तुकडा नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. अडीच गुंठे. त्यात गवतसुद्धा येत नाही. १९३१ साली मी तो विकत घेतला तेव्हा गाव हसले. त्यात सांगणीचा धोंडा आहे म्हणून मी तो घेतला. मास्तर म्हणतात, कोर्टाला कळेल असे वर्णन द्या. धोंडा कमरेएवढा, काळा, माथ्याला बसकट. त्याला शेंदूर नाही, तो कोणाचा देव नाही. त्यावर हात ठेवून स्वतःसाठी मागितले तर काही होत नाही. दुसऱ्यासाठी मागितले तर होते. हटकून होते.

म्हणजे स्वार्थी माणसाला तो निरुपयोगी आहे. आमचे गाव दुर्दैवाने चांगल्या माणसांचे आहे. मास्तरांची आई अमिना हिने शेजारणीसाठी मागितले की शालूबाईला पाण्यासाठी उंबरा ओलांडावा लागू नये. झरा चुलीखाली फुटला. भिंत पडली. मास्तर हे लिहिताना मान हलवत नाहीत, कारण ती भिंत त्यांनी पाहिली आहे.

कलम तिसरे. नंदाबाई कोम कोंडाजी ही माझी धाकटी जाऊ. ती नऊ वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, धार काढायला मी शिकवले, सासूच्या हातचा तिच्या वाट्याचा मार मी खाल्ला. हे ती विसरली नाही. विसरली असती तर आज दोघी सुखात असतो. तिने माझे वाईट कधीच मागितले नाही. माझी तक्रार तीच आहे.

कलम चौथे. माझ्या नवऱ्याची काठी मी आजच बजरंगच्या हातात दिली आहे, ती मिळकतीत धरू नये. तो आमच्या म्हशीचे गवत कापतो. त्याला ती उपयोगी पडेल. नवरा मुंबईला गोदीत हमाली करायचा आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. १९१९ च्या शिमग्याला तो आला असताना नंदाबाई धोंड्याकडे गेली आणि म्हणाली, "भावजी अक्काला सोडून कुटं जाऊ नयेत."

चौथ्या दिवशी तो कौले चाळायला छपरावर चढला आणि पडला. कमरेखालचे अंग गेले. पुढे चौदा वर्षे तो मला सोडून कुठेही गेला नाही. कुठली म्हैस घ्यावी, लोणावळ्याला कुठल्या वाटेने जावे, दुधात पाणी किती घालावे, हे तो याच ओसरीवरून सांगत असे. दुधात पाणी मी कधी घातले नाही. तरी सांगत असे. मध्येच काठी आपटून प्यायला पाणी मागत असे.

मी नंदाबाईला म्हणाले, "बघ काय करून बसलीस."

ती म्हणाली, "पन अक्का, हायेत का न्हाईत तुमच्यापाशी?"

होता.

कलम पाचवे. धारेची पितळी कासंडी, चरवी आणि मापे नंदाबाईला. कासंडीच्या काठाला पोचा आहे, तो मी रागाने आपटली तेव्हाचा. नवऱ्याच्या औषधपाण्याला दूध पुरेना म्हणून १९२४ साली नंदाबाई वर धोंड्याकडे गेली आणि म्हणाली, "अक्काची म्हस कदी आटू नये."

ती म्हैस सहा वर्षे आटली नाही. गाभण राहिली नाही, रेडकू नाही, वय झाले, बरगड्या मोजता येऊ लागल्या, तरी सकाळ-संध्याकाळ कास भरायची. धार काढली नाही की गावभर हंबरायची. माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नसे. आई शिरगावला अखेरच्या घटका मोजत असल्याचा निरोप भल्या पहाटे आला. मी धार काढली, मग निघाले. तळेगावापर्यंत गाडीने आणि पुढे चालत. पोचले तेव्हा चिता पेटलेली होती. संध्याकाळच्या धारेसाठी तशीच परत फिरले.

पुढे लोणावळ्याच्या बंगल्यांवरचे आचारी विचारू लागले, "बाई, तुमची म्हैस व्याली कधी?" खोटे मला जमत नाही. गिऱ्हाइके तुटली. तिसऱ्या वर्षापासून ते दूध मी ओढ्यात ओतत होते. म्हैस मेली तेव्हाही कासंडी अर्धी भरली होती.

कलम सहावे. माझा मुलगा हौशीराम याला माझी तांब्याची घागर आणि बापाचे घोंगडे. त्याने ते तीन दिवसांच्या आत येऊन न्यावे. तीन दिवसांचे कारण असे. १९२७ साली नंदाबाईने त्याच्यासाठी मागितले, "पोराला लांब मोटी नोकरी लागू दे, त्याला हितं शेनात हात घालत ऱ्हावं लागू नये." पंधरा दिवसांत त्याला रेल्वेत नोकरी लागली, इटारसीला. तेव्हापासून तो जेव्हा जेव्हा घरी आला, तेव्हा तिसऱ्या दिवशी हजर होण्याची तार आली. सात वेळा आला, सात तारा आल्या. बापाच्या दहाव्याला तो इटारसीला होता. पोर चांगले आहे. त्याचा दोष नाही.

म्हणून सांगते, मी गेल्यावरच त्याला तार करावी. आधी केली तर तो येईल, माझा जीव रेंगाळेल, आणि तिसऱ्या दिवशी त्याला जिवंत आईला सोडून निघावे लागेल. ते मला बघायचे नाही.

कलम सातवे. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मास्तरांनी विचारले, "मावशी, हे लिहायलाच हवे का?" हवे.

मीही एकदा मागितले आहे. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत दीर कोंडाजी दोन दिवसांच्या तापाने गेला. नंदाबाई विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागली. बोलेना, जेवेना. अकराव्या दिवशी तिने पाय आत सोडलेले मी पाहिले. तिला ओढून घरी आणले, कडी लावली आणि तशीच वर गेले. हात ठेवून म्हणाले, "माझं दिस भरंतवर नंदाला कसला घोर लागू नये." दिवस भरेपर्यंत, एवढ्यासाठी म्हटले की तोवर दोघींचा घोर मी एकटी वाहीन, असा माझा हिशेब होता.

बाराव्या दिवशी ती भाकऱ्या थापताना ओवी म्हणत होती.

तेव्हापासून नंदाबाईला काळजी कशी ती माहीत नाही. साप निघाला तर त्याला वाट देते. छप्पर गळू लागले तर खाली बसून धार बघते. घोर नसलेल्या माणसाला झालेली चूक दिसत नाही. नवरा पडला, ती म्हशीसाठी गेली. म्हैस तशी झाली. ती पोरासाठी गेली. पुढे मी तुकडा विकत घेऊन निवडुंगाचे कुंपण घातले, तर तिने त्यात आपल्यापुरती वाट पाडली. गाव म्हणते, नंदाबाई किती आनंदी आहे. ती मी आनंदी केली आहे. दोष माझा, त्रासही मलाच झाला. तेव्हा या बाबतीत कोणाचे देणे-घेणे उरलेले नाही.

कलम आठवे. घर, गोठा आणि म्हैस नंदाबाईला. अट एकच. तिने माझ्यासाठी धोंड्याकडे जाऊ नये. परवा डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "येका दिसाचं काम हाय. जाते न् मागते, अक्का मरू नये."

मी म्हणाले, "नंदे, म्हस आठव."

"दूद देत व्हती की."

"मी अशीच पडून ऱ्हाईन. पोट फुगत जाईल, जीव जायचा न्हाई. वीस वर्सं. तीस वर्सं."

"मी हाय की करायला," असे म्हणून ती हसली.

मला मरणाची हौस नाही. पण आटल्यावरही दुभत राहायचे नाही. अट मोडल्यास घर, गोठा व म्हैस गावच्या शाळेला जावीत आणि नंदाबाईने कुठे राहावे याचा विचार तिने आधी करावा. ती करणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

कलम नववे. खडकाळ तुकडा मास्तरांचे वडील, इथेच ओसरीवर बसलेले नूरमहंमद मुलाणी, यांना. त्यांनी कुंपणातली वाट बुजवावी आणि

येथे लेखन थांबवावे लागले. नंदाबाई ओसरीखाली येऊन उभी राहिली. लुगडे निवडुंगाने फाटलेले, पायाला रक्त. कुठून आली हे विचारायला नको होते. तरी मी विचारले.

"आले जाऊन," ती म्हणाली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगात ओरडण्याइतके बळ नव्हते, नाहीतर ओरडले असते. "काय मागितलंस?"

"काय न्हाई." ती खाली बसली. "हात ठिवला. सबुदच फुटंना. म्हनलं, मी मागंन येक न् अक्काचं व्हईल भलतंच. भावजी आठवले. म्हस आठवली. भ्या वाटलं, अक्का."

तिने आपल्या पोटावर हात ठेवला.

"ह्ये असंच असतंया का? पोटात खड्डा पडल्यागत?"

"व्हय. असंच."

"तुमाला किती दिस हाय ह्ये?"

"चोवीस वर्सं."

"मग सांगायचं न्हाई का, बया!" असे ती माझ्यावरच ओरडली. मग रडली. विहिरीनंतर तिला रडताना मी आज पाहिले. पदराने तोंड पुसून म्हणाली, "तवा म्हनलं, इचारूनच मागावं. सांगा. काय मागू?"

आजवर हे तिने मला एकदाही विचारले नव्हते.

मास्तरांनी सातवे कलम मागे जाऊन वाचले आणि लेखणी खाली ठेवली. मी त्यांना ती उचलायला सांगितली. माझे दिवस भरेपर्यंत, असे मी मागितले होते. नंदाबाईला आज भीती वाटली. म्हणजे दिवस भरले. डॉक्टरने उगाच एवढे हळू बोलण्याचे कष्ट घेतले.

मी नंदाबाईला म्हणाले, "मागू काय नगं. च्या टाक. गूळ बेताचा."

तिने विचारले, "बेताचा म्हंजी किती?" मी सुपारीएवढा सांगितला. ती आत गेली. चहा आला. गूळ लिंबाएवढा होता. मी प्याले.

आता वरील मजकुरात पुढीलप्रमाणे बदल करावा.

आठव्या कलमातली अट रद्द. घर, गोठा व म्हैस नंदाबाईला बिनअट. छपराची चौथी ओळ गळते. आता ती तिला दिसेल.

नववे कलम रद्द. खडकाळ तुकडा धोंड्यासह नंदाबाईला. ज्याला त्या धोंड्याची भीती वाटते त्याच्याच ताब्यात तो असावा. माझ्याखेरीज गावात असे माणूस सध्या एकच आहे. नूरमहंमद मुलाण्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी आत्ता सुटकेचा श्वास सोडला तो मी ऐकला.

सहाव्या कलमातली तारेची सूचना रद्द. हौशीरामला तार आजच करावी. तीन दिवस पुरतील.

माझ्यामागे माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी वगैरे कोणी काही मागू नये. या मृत्युपत्राचा अंमल हमीद मास्तरांनी करावा. वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे. दोन ठिकाणी मास्तरांनी माझे शब्द सौम्य केले आहेत; ते मी चालवून घेतले.

मुक्काम कुरवंडे. रविवार, ता. १४ फेब्रुवारी १९४३, माघ, शके १८६४.

सरुबाई कोम रखमाजी पडवळ, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार, आमच्यासमोर अंगठा केला:
१. नूरमहंमद मुलाणी, सही.
२. बजरंग, गवत कापणारा, निशाणी अंगठा.

लेखनिक: हमीद नूरमहंमद मुलाणी, शिक्षक.

लेखनिकाची नोंद, सरुबाईंच्या सांगण्यावरून: आठव्या कलमाच्या समासात गुळाचा एक अंगठा उमटला आहे. तो नंदाबाईचा. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये, हे तिला दोनदा समजावले. ती म्हणते, अक्काच्या कागदावर माजा अंगठा नगं व्हय? तो साक्ष म्हणून धरू नये. पुसूही नये.