चावी केरूकडे होती

रोहा,
१९ जानेवारी २०२५

केरू, सप्रेम नमस्कार.

'तुम्ही' लिहू की 'तू', यात दोन कागद वाया गेले. शेवटी एका वर्गातले आपण, म्हणून तू. ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तिथलं सगळेच वाचतात.

परवा आपल्या वर्गाच्या मेळाव्याहून नीट पोचलास ना? मी माझ्या मुलाच्या, अनयच्या गाडीने पेणहून रोह्याला आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एसटीची पायरी चढवत नाही. शाळेतली नोकरी संपून चार वर्षं झाली, तरी सकाळी साडेसहाला वेणी घालून बसते. तुझी हकिगत मात्र जेवताना अर्धीच ऐकली. कंपनीतून निवृत्त झालास, गडबला हायवेला शहाळ्यांची टपरी टाकलीस आणि मुलगी भाविका नर्स आहे, एवढंच कळलं.

मेळावा छान झाला, असं मी सगळ्यांना सांगते आहे. पण विष्णू माईकवर बोलला तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बँकेत साहेब होऊन निवृत्त झालेला माणूस हसत हसत म्हणाला, "नववीत सूक्ष्मदर्शकाचं भिंग मीच फोडलं होतं, आणि मार खाल्ला बिचाऱ्या केरूने." सगळे हसले. तूही हसलास.

केरू, ते भिंग मी फोडलं होतं.

निदान सत्तेचाळीस वर्षं मी तसंच समजत आले. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार उघडं राहिलं होतं. मी एकटीच आत शिरले. कांद्याचा पापुद्रा बघायचा होता. नळी जास्त खाली फिरवली आणि टक् असा आवाज आला. बघते तर भिंगाला तडा. विष्णू म्हणतो, त्याने तो आदल्या दिवशीच पाडला. मग मी ऐकला तो आवाज कसला? तडा मी आवाजानंतर पाहिला. आधी पाहिलाच नव्हता. मला काहीच सांगता येत नाही.

जेवताना म्हणून तुझ्या शेजारी येऊन बसले. "त्या मारामुळे शाळा सोडलीस ना?" असं विचारलं. तू म्हणालास, "नाय गो. उधाणाने खाडीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं. बापाला माणूस हवा होता." मला इतकं हलकं वाटलं की मी दुसऱ्यांदा भात घेतला.

पण निघताना, तुला न्यायला आलेली भाविका मला म्हणाली, "बाबा शाळेचं नावसुद्धा काढत नाहीत. मला पहिलीत घातलं तेव्हा बाईंना एवढंच सांगितलं, आधी पोरीला विचारा, मग मारा."

आता कोणाचं खरं धरू? तुझं, तुझ्या मुलीचं, की विष्णूचं? मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेची चावी कधी एकाही मुलाच्या हाती दिली नाही. शिस्तीची बाई म्हणायचे लोक. ती शिस्त नव्हती.

हे पत्र भिंगासाठी लिहीत नाही, हे मला इथवर लिहिल्यावर कळतंय. त्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा तू पाणी आणायला गेला होतास. सरांनी भिंग वर धरून विचारलं, "आत कोण गेलं होतं?" सर माझ्याकडे बघत होते, मी पहिल्या बाकावर. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, चावी केरूकडे होती."

खोटं नव्हतं ते; प्रयोगशाळेची चावी सरांनी तुझ्याकडेच सांभाळायला दिली होती. पुढचं तुला माहीत आहे. तू बादली घेऊन दारातच होतास, म्हणजे तू ऐकलंस, असं मी धरून चालले. भिंग विष्णूने फोडलं असेल तर असो. ते वाक्य विष्णूचं नाही.

'झालं गेलं विसर' असं कळवू नकोस. मला खरं काय ते हवं आहे.

वृंदा


गडब,
२७ जानेवारी

वृंदा, रामराम.

पत्र दोनदा वाचलं. भाविकाला दाखवलं नाय.

खरं काय, ते मलाच धड ठाऊक नाय. बांध फुटला, व्हय. पण तो आधी फुटला की मार आधी बसला, ते आता आठवत नाय. बापाला शेतावर माणूस हवा होता आणि मला वर्गात जायची लाज वाटत होती. त्याने विचारलं नाय, मी सांगितलं नाय. तुझं तोंड बघून बांधाचंच तेवढं बोललो.

पण तू सरांना काय म्हणालीस, ते मला माहीतच नव्हतं. मी दारात आलो तो सरांनी कानच धरला. एवढी वर्षं मला वाटायचं, खाडीवरचा पोरगा म्हणून त्यांनी मलाच धरलं. सर वारले तेव्हा आपल्या वर्गातला मितेश मला न्यायला घरी आला होता. मी गेलो नाय. शेजारच्या गावात मयत, तरी गेलो नाय.

तुझं पत्र आल्यापासून तो राग कुठे ठेवू ते कळत नाय. तुझ्यावर येत नाय आणि सरांवर राहत नाय.

मंगळवारी टपरी बंद असते. अनयला सांगून ये. काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाय, तरी ये.

तुझा नववीपर्यंतचा सोबती,
केरू