मज्जेत बिघाड, बाकी मजेत

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, वहिनीचा दमा आणि तुमचं मांजर, तिघांचंही बरं चाललं असेल असं धरून चालते. इकडे सगळे मजेत. मला रक्ताचा कर्करोग झाला आहे, पण ते ओघाने येईलच.

झालं असं, की हिरड्या सुजल्या म्हणून मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने आत डोकावून पाहिलं, दिवा मालवला आणि म्हणाला, "दात उत्तम आहेत. रक्त तपासा." (मला वाटलं, गिऱ्हाईक टाळतोय.) रक्त तपासलं, तर तिथल्या बाईने रिपोर्टच्या आधी खुर्ची पुढे केली. न मागता खुर्ची मिळाली की समजावं, आपलं काही खरं नाही.

मग मोठ्या इस्पितळात कमरेच्या हाडातली मज्जा काढली. (हा शब्द ज्याने शोधला, त्याच्या हाडात कधी सुई गेली नसणार.) डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मज्जेत पेशी जन्मतात, वाढतात, पुढे काय व्हायचं ते ठरवतात आणि मग रक्तात कामाला लागतात. माझ्या मात्र अर्ध्या वाटेवरच थांबल्या. मोठ्या होत नाहीत, काम करत नाहीत, नुसती संख्या वाढवतात आणि कामाच्या पेशींना जागा उरू देत नाहीत. हे ऐकून सासूबाईंनी धाकट्या दिराकडे पाहिलं. तो बिचारा फक्त डबा द्यायला आला होता.

पुढे वाद असा, की या पेशी नेमक्या काय व्हायला निघाल्या होत्या. पांढऱ्या पेशींतही जाती असतात म्हणे. एक डॉक्टर म्हणाले ही जात, दुसरे म्हणाले छे, ती. नाना रंग लावून पाहिले तेव्हा निकाल लागला: थोड्या इकडच्या, थोड्या तिकडच्या. "तुझ्या माहेरचंच वळण," नवरा म्हणाला, "एकमत नाही." मग त्याने हट्टाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी स्वतःच्या पापण्या पाहून दचकला. मग खऱ्या पेशी दिसल्या. "रंग छान आहे हो, जांभळा," एवढंच बोलला आणि बाहेर येऊन पाण्याच्या कूलरकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. पाणी काही प्यायला नाही.

औषधांनी त्या पोरकट पेशी हटल्या. केसही गेले. मागून मी थेट बाबांसारखी दिसते. सासरे आले असं वाटून नवरा दोनदा उठून उभा राहिला.

काळजी नसावी. वहिनीला नमस्कार, मांजराला काय ते तू ठरव.

तुझी,
धाकटी

ता. क. हटलेल्या पेशी परत येऊ शकतात म्हणे. त्या येऊ नयेत म्हणून दुसऱ्या कुणाची तरी मज्जा घालावी लागेल, आणि सख्ख्या भावंडाची जुळली तर उत्तम. सख्खं भावंड एकच आहे, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. जुळतं का ते पाहायला आधी थोडंसं रक्त देतात. दुखत नाही. (थोडं दुखतं.)

आणखी ता. क. आपलं दोघांचं आजवर कशातच जुळलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

शेवटचा ता. क. नाही जुळलं तरी ये.